ओल्या शेपट्यांची कवायत

त्या माळावर उंदीर वर राहत आणि घुशी खाली. उंदरांची घरं पेंढ्याच्या गंज्यांत होती, घुशींची जमिनीच्या पोटात. धान्य वेचून खाली पोचवणं हे उंदरांचं काम, आणि ते खाऊन राज्य चालवणं हे घुशींचं. या वाटणीबद्दल उंदरांना कुणी विचारलं नव्हतं, आणि उंदरांनीही कधी विषय काढला नव्हता.

मग घुशींना पराक्रमाची हुक्की आली. माळाच्या टोकाला एक जुनं झाड होतं, त्यावर घारींची घरटी होती. घुशींनी त्याची मुळं कुरतडली आणि झाड पिल्लांसकट आडवं झालं. या विजयाचा डंका घुशींनी कित्येक दिवस पिटला. उंदरांनीही आनंद साजरा केला, कारण तसा हुकूम होता.

घारी बदला घ्यायला आल्या त्या पेटत्या काटक्या पायांत धरून. बिळात घुसता येत नाही हे घारींना ठाऊक होतं. गंज्या मात्र उघड्यावर होत्या. आधी माळापलीकडची एक वस्ती जळाली, आणि तिथून सुटलेला बाबजी नावाचा एक म्हातारा, अर्धा कान जळालेला उंदीर इकडे आसऱ्याला आला.

तेव्हा घुशींच्या सरदाराने कवायत सुरू केली. दर सकाळी तो वर येई. पेंढ्याची एक जुडी आधीच पाण्यात बुचकळून ठेवलेली असे. तिच्यावर गोवरीचा विझत आलेला निखारा टाकला जाई. मग सरदार ओरडे, "शेपट्या भिजवा! शेपट्या वर! हाणा!" उंदीर रांगेनं पुढे होऊन शेपट्या आपटत. निखारा चर्र करून विझे आणि सगळे टाळ्या वाजवत. शेवटी सरदार बजावून सांगे, "आपली गंजी सोडून कुणी हलायचं नाही. पळणाऱ्याला घार उचलते, आणि घारीनं नाही उचललं तर आम्ही उचलू."

त्या गंज्यांत शेवंता नावाची एक उंदरीण होती. तिला तीन पोरं. दोन धाकटी अजून तिच्या पोटाला चिकटून असत, पण थोरली टिकली कवायतीत सगळ्यांच्या पुढे. सरदाराने तिच्या शेपटीला कौतुकाचा लाल दोरा बांधला होता. टिकली झोपतानाही शेपटी वर धरून झोपे. शेवंताला त्याचं हसू येई आणि भीतीही वाटे.

एका सकाळी तिने विचारलं, "सरदार, ही जुडी ओली का असते? आमच्या गंज्या तर कोरड्या ठणठणीत आहेत."

"ही कवायत आहे, बाई. कवायतीत कुणी भाजलं तर जबाबदार कोण?"

"आणि खरी आग लागली तर?"

"तेव्हा कवायत आठवायची," सरदार म्हणाला, आणि पुढच्या रांगेकडे वळला.

बाबजीने तिला बाजूला घेतलं. "शेपटीनं आग विझत नाही गं, पोरी. वारा घातल्यासारखी उलट भडकते. आमच्याकडं हेच केलं, म्हणून मी एकटा उरलो. धूर दाटला की घारीला खालचं दिसत नाही. त्या धुरातून पोरांना घेऊन ओढ्याच्या चिखलात जा. मागं बघू नकोस."

घुशींचे कान जमिनीला लागलेलेच असतात. संध्याकाळी दोन शिपाई आले आणि घबराट पसरवतो म्हणून बाबजीला खाली घेऊन गेले. तो पुन्हा वर आला नाही. ज्याने आग डोळ्यांनी पाहिली होती तो लबाड ठरला, आणि ज्यांनी विझत्या निखाऱ्याखेरीज काही पाहिलं नव्हतं ते आगीचे जाणकार. याची चीड कुणाला आली असेल तर ती त्याने गिळली.

उंदीर नुसते हुकूम पाळून थांबले नाहीत. शेजाऱ्याच्या मदतीला पटकन पोचता यावं म्हणून त्यांनी या गंजीपासून त्या गंजीपर्यंत पेंढ्याच्या पायवाटा अंथरल्या, छान जाड, पायाला मऊ. हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सरदाराने पाहिलं आणि शाबासकी दिली.

घारी आल्या त्या भर दुपारी, वारा सुटलेला असताना. पहिली काटकी कडेच्या गंजीवर पडली. तिथले उंदीर पळाले नाहीत. त्यांनी शेपट्या भिजवल्या, वर केल्या आणि हाणल्या. दर फटक्यासरशी पेटत्या काड्या उडाल्या आणि वाऱ्याने उचलल्या. मग आग त्या मऊ पायवाटांवरून एकेका घरी गेली.

काहींनी पोरं तोंडात धरून घुशींच्या बिळाकडे धाव घेतली. बिळाच्या तोंडात आतून ओला चिखल भरला जात होता. "जागा सोडू नका!" आतून सरदार ओरडत होता. "मागे फिरा! धान्याला आच लागेल!" चिखलाचा शेवटचा गोळा बसला आणि आवाज बंद झाला. बाहेर राहिलेल्यांनी नखं झिजेपर्यंत उकरलं.

धूर दाटला तशी शेवंताने धाकट्यांना पुढे घातलं. "टिकले, चल!"

"मी नाही येणार, आई. पळणारे भेकड असतात."

"अगं, जळून जाशील!"

"मला येतं ना विझवायला! तू बघच."

शेवंताने तिची शेपटी दातांत धरून ओढलं. टिकलीने हिसका दिला. लाल दोरा सुटून शेवंताच्या तोंडात राहिला आणि पोर ज्वाळेकडे वळली. धाकटी दोघं किंचाळत होती. शेवंता त्यांना घेऊन धुरात शिरली. मागून टिकलीचा बारीक आवाज येत होता, "हाणा! हाणा!" ती ओढ्यापर्यंत पोचायच्या आतच तो थांबला.

दुसऱ्या दिवशी चिखलातून मोजकेच उंदीर परतले. घुशींनी बिळाचं तोंड मोकळं केलं आणि झाडून सगळ्या सोहळ्यासाठी वर आल्या. सरदार राखेच्या ढिगावर चढला. "एकही गंजी कुणी रिकामी सोडली नाही!" तो म्हणाला. पळालेल्यांना त्याने मोठ्या मनाने माफ केलं. मग शेवंताला पुढे बोलावलं. "तुझ्या लेकीनं आमचं नाव राखलं. उद्या नव्या गंज्या रचायला घ्या. आणि तुझी ही धाकटी, यांची कवायत परवापासून."

शेवंता म्हणाली, "माझी लेक कुठं उभी होती, तेवढं दाखवा."

सरदाराने आजूबाजूला पाहिलं. राख सगळीकडे सारखीच होती.

शेवंताने धाकट्यांना जवळ घेतलं आणि ती घुशींच्या मधून चालत बिळाकडे निघाली. तिच्या मागे एक उंदीर निघाला, मग दुसरा, मग सगळेच. सोहळ्यात कुणी पाठ फिरवलेली घुशींनी कधी पाहिली नव्हती, त्यामुळे त्या नुसत्या बघत राहिल्या.

"ए, कुठं चाललीस?" सरदार ओरडला.

"घरात," शेवंता म्हणाली.

शेवटचा उंदीर आत गेला आणि बिळाच्या तोंडात आतून चिखल भरला जाऊ लागला. तेव्हा कुठे घुशी धावल्या. सरदाराने चिखलावर डोकं आपटलं. "उघडा! हे बीळ राज्याचं आहे!"

आतून शेवंताचा आवाज आला, "जागा सोडू नका."

माळावर पेंढ्याची एक काडी उरली नव्हती. पांढऱ्या राखेवर त्या काळ्या, गलेलठ्ठ घुशी दुरूनही दिसत होत्या. वर घारी घिरट्या घालत खाली येत होत्या. त्यांच्या पायांत आज काटक्या नव्हत्या.