भागवतने दार रिफ्रेश केलं

एका गावात एक भोळा ड्राफ्ट्समन होता. नाव भागवत. इंजिनिअर घोरपडेबाईंच्या ऑफिसात तो कॉम्प्युटरवर इमारतींची ड्रॉइंगं काढायचा. सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलेलं कधी विसरायचा नाही. खरी पंचाईत तीच होती.

त्याचं लग्न जगन्नाथमामांच्या कुसुमशी ठरत आलं होतं. मामांचं म्हणणं साधं होतं. "ह्याची नोकरी कायम, तर माझी पोरगी ह्याची." आणि बाई म्हणाल्या होत्या, "गावाचं मंगल कार्यालय नीट पार पाड, कायम करते."

भागवत कामाला लागला. दारं-खिडक्यांचा तक्ता एक्सेलमध्ये होता, रंगीत, जाड रेघांचा. त्याने तो उचलून ड्रॉइंगमध्ये चिकटवला. रंग उडाले, रेघा गेल्या.

बाई म्हणाल्या, "अरे, मूळ जसं असेल तसंच उतरलं पाहिजे!"

"बरं बाई."

पुढच्या आठवड्यात कंत्राटदाराने वाढीव खिडक्यांचा तक्ता कागदावर पाठवला. कागदावर चहाच्या कपाचा गोल उमटला होता. भागवतने तक्ता उतरवला आणि गोलही उतरवला, तपकिरी रंगासकट. गोल नेमका दर्शनी भिंतीवर गेला. महिन्याभरात तिथे गोल खिडकी झाली.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"ड्रॉइंगमधी हाय न्हवं," कंत्राटदार म्हणाला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "भागवत, तक्ता उतरवायचा नाही. एक्सेलची फाइल ड्रॉइंगला जोडायची. मूळ फॉरमॅट राखायचा. आणि मूळ फाइल जागची हलवायची नाही. हलली की दुवा तुटला!"

"बरं बाई."

या खेपेला सगळं छान जमलं. रंग राहिले, रेघा राहिल्या. बाई खूश झाल्या आणि त्याच खुशीत ऑफिस नव्या जागेत नेलं. टेबलं गेली, पंखे गेले, देवाचा फोटो गेला. भागवत आणि त्याचा कॉम्प्युटर मात्र गेले नाहीत. जुन्या जागेत पिठाची गिरणी आली. बाई शोधत आल्या तेव्हा भागवत डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन काम करत होता.

"मूळ फाइल इथेच आहे ना बाई," तो शिंकत म्हणाला.

बाईंनी त्याला झटकला आणि शांतपणे समजावलं. "हे बघ. काही बदलायचं असलं तर मुळात आकडा बदल आणि रिफ्रेश कर. बाकी आपोआप बदलतं."

"बरं बाई."

मंगल कार्यालय उभं राहिलं. बघतात तर मुख्य दार दीडच फूट रुंद! तक्त्यात आठच्या जागी दीड पडलं होतं. ते खुद्द बाईंनी टाइप केलं होतं, त्यामुळे ही चूक कोणाची यावर फारशी चर्चा झाली नाही.

"भागवत, दार आठ फुटी करून टाक. पहिलं लग्न तुझंच आहे तिथे."

दोन दिवसांनी बाईंनी फोनवर विचारलं, "झालं का दार?"

"झालं बाई. आठ फूट. रंगसुद्धा उडाला नाही."

बाईंनी त्याच दिवशी त्याला कायम केलं.

लग्नाचा दिवस उजाडला. वऱ्हाडी तिरके होऊन, पोट आत ओढून एकेक करत आत गेले. शेवटी जगन्नाथमामा आले. मामांचा देह ऐसपैस. ते निम्मे आत गेले आणि तिथेच राहिले.

दोघांनी आतून हात ओढले, चौघांनी बाहेरून ढकललं. भटजी घड्याळ बघू लागले. कुसुम चहाच्या गोल खिडकीतून डोकावून रडू लागली. तेवढ्यात मुंडावळ्या सावरत भागवत धावत आला.

"ओढू नका! मूळ जागचं हलवू नका, दुवा तुटेल!"

"अरे, जीव चाललाय माझा!" मामा ओरडले.

"मामा, जरा दम धरा. रिफ्रेश करतोय."

त्याने पाटावर लॅपटॉप मांडला आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मामा निळे पडायला लागले तसा कंत्राटदाराने घण आणला आणि दाराच्या दोन्ही बाजूंची भिंत पाडली. धुरळ्यातून मामा बाहेर पडले. खोकत खोकत ते बाईंकडे वळले.

"बाई, ह्याची नोकरी कायम हाय ना?"

बाईंनी विटांच्या ढिगाकडे पाहिलं. "होती," त्या म्हणाल्या.

भागवतचं इकडे लक्षच नव्हतं. तो टेप घेऊन भगदाड मोजत होता. बरोबर आठ फूट.

"बघा बाई," तो आनंदाने म्हणाला, "झालं की नाही आपोआप? जरा वेळ लागला एवढंच. आपल्याकडे नेट स्लो आहे."