पायी घरी येणारी टिटवी

फार वर्षांपूर्वी नदीकाठचे पक्षी उन्हाळ्यात चालण्याची शर्यत लावायचे. उडायचं नाही, पळायचंही नाही. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा. पंच असायचं म्हातारं कासव, कारण त्याचे डोळे सगळ्यांच्या पायांपाशी.

टिटवी याच कासवाकडून चालायला शिकली होती. सराव म्हणून महिनाभर ती आपल्या अंड्यांकडेही उडत गेली नाही, वाळूतून चालत गेली. शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे होती. पण शेवटी मागून साळुंकीची चाहूल लागली आणि घाईत तिचे दोन्ही पाय एकदम उचलले गेले.

"टिटवे, तू बाद," कासव म्हणालं.

"दुसऱ्या कोणाला दिसलंही नाही, आजोबा."

"मला दिसलं ना, बाई."

टिटवी रागाने निघाली, पण सवयीने चालतच. वर घार घिरट्या घालत होती.

"काय गं, यंदा अंडी घातलीस कुठे?" घार वैतागून म्हणाली. "दरवर्षी तू उतरतेस तिथेच मी झडप घालते. यंदा तू उतरतच नाहीस."

टिटवी जागच्या जागी थबकली. घार दिसेनाशी होईपर्यंत ती हलली नाही.

आठवड्याने ती कासवाकडे आली. मागे चार पिल्लं तुरुतुरु चालत होती.

"आजोबा, पहिल्यांदाच चारही वाचली. तुम्ही चालायला शिकवलंत म्हणून."

"शर्यत मात्र गेली तुझी," कासव हळूच म्हणालं.

"गेली. पुढच्या वर्षी आम्ही पाचजण येऊ. सगळ्यांचे पाय असेच नीट बघा."