लिदेची पाटी

ही गोष्ट लिहायचं माझ्या मनात नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, चाळीस वर्षं टांगा हाकला, लिहिणं हा माझा धंदा नाही. पण विहाराच्या मंडळींनी धरून बसवलं. त्यांच्याकडे शहरातली पोरंपोरी येतात. आम्हाला घोड्यांची सेवा करायची आहे, पैसे नकोत, कुठं जावं, सुरुवात कशी करावी, असं विचारतात. मंडळी म्हणाली, "बाबा, तुम्ही घोड्यांतले. ती पागेची जातककथा तुम्हीच लिहून द्या." मी म्हटलं, भंतेजींना सांगा. भंतेजी हसले आणि कागद माझ्याच पुढं सरकवला. बरं, लिहितो. शुद्धलेखनाला नावं ठेवायची असतील त्यांनी स्वतः लिहावं.

पूर्वी माहिष्मती नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पागेचा पागेदार होता. नाव भद्रक. पागेत दोनशे घोडे होते आणि प्रत्येक घोड्याची चाल, खोड, आजार त्याला पाठ होते. तो कुणावर हात उगारत नसे. घोड्यांवर तर नाहीच नाही. लोक त्याला मानायचे, आणि लोक मानतात हे त्याला माहीत होतं. त्याचं सगळं चुकलं ते इथंच.

त्या पागेची एक रीत होती. घोड्याला हात लावायचा तो मोतद्दाराच्या, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याच्या, घरात जन्मलेल्यानंच. खरारा करायचा त्यांनी, पाणी पाजायचं त्यांनी, चंदी चारायची त्यांनी. चंदी म्हणजे घोड्याचा हरभऱ्याचा खुराक. बाकीच्यांनी दावणीपासून लांब उभं राहायचं.

नगराबाहेर खेमक नावाचा बुरूड राहत होता. पागेला लागणाऱ्या पाट्या-टोपल्या तोच विणून द्यायचा. माल देऊन झाला की घोड्यांकडे बघत उभा राहायचा आणि हाकलल्याशिवाय जायचा नाही. ना दारू, ना जुगार, एवढं एकच वेड त्याला होतं. एकदा त्यानं विचारलं, मी खरारा करू का? मोतद्दार हसले. महिन्यानं विचारलं, निदान पाणी पाजू का? मजुरी नको मला. तेव्हा सीवक नावाचा थोरला मोतद्दार म्हणाला, "घोड्याला हात लावलास तर तो हात मोडून तुझ्याच टोपलीत घालीन."

"घोड्याला नाही लावत, दादा," खेमक म्हणाला. "लिदेला लावला तर चालेल?"

सगळी पागा हसली. बोधिसत्त्वही हसला. म्हणाला, "लाव रे बाबा. लिदेसाठी अजून कुणी भांडायला आलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी खेमक पहाटे खोरं आणि स्वतः विणलेली पाटी घेऊन हजर. लीद काढायची, जमीन झाडायची, ओला पेंढा उन्हात टाकायचा, आणि मग घरी जाऊन बांबू फोडत बसायचं. अशी सात वर्षं गेली. सात वर्षांत त्यानं एकाही घोड्याच्या अंगावरून हात फिरवला नाही. पण लीद रोज बघितली. कुणाची सैल, कुणाची घट्ट, कुणाच्या लिदेत हरभरा अख्खा निघतो, म्हणजे दात गेले. मोतद्दार घोड्याला तोंडाकडून ओळखायचे, खेमक दुसऱ्या टोकाकडून ओळखायचा. आणि खरं सांगू, घोडं तोंडानं फसवतं. दुसरं टोक फसवत नाही.

आश्विनात त्या नगरात तोरणाचा दिवस असे. नर्मदेच्या घाटावर पानाफुलांचं उंच तोरण बांधायचे. त्याखालून राजाचे सगळे घोडे ओळीनं न्यायचे, आणि सगळ्यांत पुढं राजाची पांढरी घोडी, कुमुदा. ती न अडखळता तोरण ओलांडून गेली की वर्ष चांगलं जाणार असं लोक धरायचे. त्या वर्षी राजा बोधिसत्त्वाला म्हणाला होता, "भद्रका, यंदा घोडी नीट गेली तर पागेदारी तुझ्या वंशाला कायमची लिहून देईन."

तोरणाच्या दिवशी सकाळी बोधिसत्त्व कुमुदाच्या आयाळीत मणी ओवत होता. हे काम तो दुसऱ्या कुणाला देत नसे. मागून खेमक आला. डोक्यावरची पाटी त्यानं खाली ठेवली.

"स्वामी, घोडीनं रात्रीपासून एकदाच लीद टाकलीय. तीही खडे. वरून चिकट पडदा आहे. जरा बघता का?"

"आज नको, खेमका."

"पोट धरलंय तिनं. चंदी देऊ नका. उन्हात उभी करू नका. दुसरी घोडी पुढं काढा."

"तू तुझी पाटी उचल."

"उचलतो. आधी बघा तर खरं. इथंच ठेवलीय."

"पागेदार तू की मी?"

पाटी दोन पावलांवर होती. मान वळवली असती तर दिसलं असतं. बोधिसत्त्वानं मान वळवली नाही, कारण हातातला मणी ओवायचा राहिला होता, आणि हे सांगणारा नुसता लीद काढणारा होता. मी घोड्यांत जन्म घालवला, म्हणून सांगतो. त्याला कळलं नव्हतं असं नाही. पोटात कुठंतरी कळलं होतं. पण त्या दिवशी त्याला घोडीच्या पोटापेक्षा तोरण मोठं वाटलं. खेमकानं पाटी उचलून भिंतीशी ठेवली. तिकडं सीवकानं घोडी तरतरीत दिसावी म्हणून दुप्पट चंदी चारली.

दुपारी घाटावर हजारो माणसं जमली. शंख वाजले. कुमुदा झुलीखाली हळूहळू चालत आली, तोरणाच्या तोंडाशी थांबली आणि मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघू लागली. अंगाला घाम सुटला होता. दोन पावलं पुढं आली आणि बरोबर तोरणाखाली गुडघ्यांवर बसली. मग आडवी झाली. पाय झाडू लागली. फुलं तुटून तिच्या अंगावर पडली.

राजा आसनावरून उठला. "हे कुणी केलं?"

बोधिसत्त्वानं तोंड उघडलं. त्याच्या मनात आलं, आता बोललो तर पागेदारी गेली. पोरानातवंडांची गेली. आधी राजाचा राग उतरू दे, मग एकट्याला गाठून सांगू. तोंड उघडं होतं ते त्यानं मिटलं. खोटं तो त्या जन्मात कधी बोलला नव्हता, त्या दिवशीही बोलला नाही. नुसता गप्प राहिला. आणि तेवढ्यात सीवकानं बोट दाखवलं.

"महाराज, तो बुरूड! सकाळी हाच घोडीपाशी घुटमळत होता. पाण्यात काहीतरी कालवलं असणार. सात वर्षं फुकट राबणारा माणूस काय उगाच राबतो?"

लोकांना हे लगेच पटलं. फुकट काम करणाऱ्याबद्दल काहीही सांगा, लोकांना पटतं. खेमकाला धरून पुढं आणलं. राजानं निवाडा केला. यानंच गोळा केलेली लिदेची पाटी चारचौघांत याच्या डोक्यावर उपडी करावी आणि याला वेशीबाहेर काढावं. पागेकडे माणूस धावला.

पागेतून घाटावर यायला वेळ लागत होता. तेवढा सगळा वेळ बोधिसत्त्व उभा होता. घोडी झाडाखाली ओढून नेली होती, ती कण्हत होती. खेमक दोन शिपायांमध्ये उभा होता. राजानं विचारलं, "तुला काही सांगायचं आहे?"

खेमकानं बोधिसत्त्वाकडे बघितलं. एकदाच. सांगायला त्याच्याकडे सगळं होतं. पण तो म्हणाला, "घोडीला लोळू देऊ नका. उठवा आणि सावलीत हळू हळू चालवा. कोमट तेल पाजा. लीद टाकेपर्यंत दाणा दाखवू नका."

"आम्हाला शिकवतोस?" सीवक ओरडला.

बोधिसत्त्वाचे कान तापले. त्याला वाटलं, या माणसानं माझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. निदान रागावता आलं असतं. खेमकाच्या नजरेला नजर लागू नये म्हणून तो जमिनीकडे बघू लागला. आणि तसाच बघत उभा राहिला.

पाटी आली. शिपायानं ती उचलली आणि खेमकाच्या डोक्यावर उपडी केली. माणसं हसली. बायकांनी नाकाला पदर लावले. लीद खेमकाच्या केसांवरून, खांद्यांवरून घरंगळत खाली आली आणि त्यातले काही खडे बोधिसत्त्वाच्या पायांशी येऊन थांबले. लहान, काळे, कडक. वरून चिकट पडदा. घाटावर हजारो माणसं होती, पण ते खडे वाचता येणारी दोनच होती. एकाच्या डोळ्यांत लीद गेली होती. दुसऱ्याला आता तरी बघावं लागलं.

बोधिसत्त्व वाकला. दोन खडे हातात घेतले. त्याच हातावर लिदेसकट तो राजापुढं गेला.

"महाराज, ही कुमुदाची सकाळची लीद. ती सकाळीच आजारी होती. यानं मला सांगितलं. पाटी माझ्यापुढं ठेवली. मी बघितलं नाही."

राजा पुढं झुकला आणि हळू आवाजात म्हणाला, "भद्रका, गोंगाट आहे. तू काय बोललास ते कुणी ऐकलेलं नाही. मीही नीट ऐकलं नाही. घोडी जनावर आहे, बुरूड परका आहे. जागेवर जाऊन बस. दिलेला शब्द मी पाळीन."

इतका सोपा रस्ता होता. बोधिसत्त्व लोकांकडे वळला आणि मोठ्यानं म्हणाला, "घोडी मी पाडली! खेमकानं मला सावध केलं होतं. पागेदारी हवी म्हणून मी तिला उन्हात आणली, आणि पागेदारी जाईल म्हणून एवढा वेळ गप्प उभा राहिलो."

राजाचा चेहरा काळा पडला. त्यानं तिथल्या तिथं बोधिसत्त्वाची पगडी उतरवून घेतली.

बोधिसत्त्व वळला तर खेमक जागेवर नव्हता. त्याला धरून ठेवायचं शिपायांच्या लक्षात राहिलं नव्हतं. तो झाडाखाली होता. डोक्यात लीद तशीच, आणि घोडीच्या गळ्यातला दोर ओढून तो तिला उठवत होता. सात वर्षांत पहिल्यांदा त्याचा हात घोडीला लागला होता. मोतद्दार बघत राहिले, कुणाची अडवायची हिंमत झाली नाही.

बोधिसत्त्व जवळ गेला. हात जोडले. "खेमका, मी चुकलो."

"चुकलात," खेमक म्हणाला. "आता त्या बाजूनं टेका द्या. ती डावीकडे झुकतेय."

दोघांनी घोडीला चालवलं. झाडापासून पायरीपर्यंत, पायरीपासून झाडापर्यंत. सीवकानं न सांगता तेल कोमट करून आणलं. ते पाजलं. पुन्हा चालवलं. ऊन उतरलं, लोक घरी गेले, राजाची पालखी गेली. सूर्य टेकायला आला तेव्हा कुमुदा थांबली, पाय फाकवले आणि तिनं लीद टाकली. खेमक खाली बसला, बघितलं, आणि रडायला लागला. बोधिसत्त्वही त्याच्याशेजारी बसून बघू लागला. या वेळी कुणाला सांगावं लागलं नाही.

पुढं राजानं खेमकाला पागेत सन्मानानं घेतलं आणि हात लावायची ती रीत मोडली. ज्याला घोड्यांत काम करायचं असेल, त्यानं आधी एक वर्ष लीद काढावी, मग दोर धरावा, अशी नवी रीत घातली. बोधिसत्त्वाला पगडी परत मिळाली नाही, त्यानं मागितलीही नाही. तो रोज नदीकाठचं गवत कापून पागेत आणून टाकायचा, बिनमजुरीचा. म्हातारा झाला तरी आणायचा. नव्या पोरांना कुणीतरी सांगायचं, हे बघा, राजापुढं खरं बोललेला माणूस. पोरं पाया पडायला यायची. तो त्यांना उठवायचा आणि म्हणायचा, "बाळांनो, त्याच्या डोक्यावर पाटी उपडी होईपर्यंत मी उभा होतो." आणि गवताचा भारा सोडायला लागायचा.

एवढं सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, जेतवनातल्या भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा सुबाहू म्हणजे आज आपला आनंद. सीवक म्हणजे त्या कोपऱ्यात बसलेला, दुसऱ्यांच्या चुका मोजणारा भिक्षू. खेमक म्हणजे रोज पहाटे तुमच्या आधी उठून विहार झाडतो तो, ज्याचं नाव तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत नाही." भिक्षू वाट बघत राहिले. शास्ते म्हणाले, "आणि भद्रक मी होतो." कुणी मान वर केली नाही. मग शास्त्यांनी सांगितलं, की दान आणि शील यांच्या आधी एक गुण लागतो, त्याला ह्री म्हणतात. ह्री म्हणजे आपल्या हातून झालेल्या वाईटाची लाज. ती उशिरा आली तरी माणसाला वळवते. आलीच नाही तर बाकीचे गुण नुसते अंगावर घातलेले दागिने.

गोष्ट संपली. माझंही सांगून टाकतो, कारण गोष्ट लिहिताना मला वरचेवर लाज वाटत होती. चौदा वर्षांमागं माझी लाली नावाची घोडी चारा खात नव्हती. वरातीला ती भाड्यानं न्यायला आलेल्याला, नेऊ नका असं मी एकदाच म्हटलं. पैशाची गरज होती, दुसऱ्यांदा म्हटलं नाही, आणि ती वरातीत पडली आणि मेली. ते माझं आहे, ते मी कुणावर ढकलत नाही. पण म्हाताऱ्यानं घोडी उपाशी मारली असं ज्यानं गावभर सांगितलं, वरात ज्याच्या मुलाची होती, आणि जो चौदा वर्षांत एकदाही माझ्या दारात येऊन 'चुकलो' म्हणाला नाही, तो नथ्थूजी रामटेके.