आधी बाहुलीला

सावळखिंडीतली बाहुली चांगली माणसाएवढी असेल, असे प्रणालीने धरले होते. हैदराबादला शिकताना तिने मैत्रिणींना कितीदा तरी सांगितले होते की आमच्या गावच्या खिंडीत एक बाहुली उभी आहे आणि थंडी लागली की गाव तिला लोकरीची टोपी चढवते. सांगता सांगता बाहुली वाढत गेली, टोपीला नक्षी आली, पुढे वाजंत्रीही आली. सहाव्या वर्षी गाव सोडलेल्या पोरीला आठवणार तरी किती? शिक्षण संपवून आठवडाभर गावी आल्यावर प्रत्यक्षात पाहिली ती खडकातली हातभर देवळी आणि तिच्यात वीतभर लाकडी बाहुली. नाक झिजलेले, एक हात तुटलेला. मार्गशीर्ष अर्धा सरला तरी डोके उघडे.

उघडे डोके एकट्या बाहुलीचे नव्हते. प्रणालीने शहरातून मुलांसाठी टोप्यांची दोन पोती आणली होती. शाळेतल्या प्रत्येक पोराने टोपी घेतली, तिच्यावरून हात फिरवला आणि घडी करून दप्तरात ठेवली. घातली एकानेही नाही. बिजली नावाच्या पाच वर्षांच्या पोरीची तर छाती आताच वाजू लागली होती. मागच्या हिवाळ्यात तिला तालुक्याच्या दवाखान्यात बारा दिवस ठेवावे लागले होते. प्रणाली तिच्यापुढे बसून समजावू लागली, तेव्हा बिजलीने एवढेच विचारले, "बाहुलीला कुठाय अजून?"

मग प्रणाली हट्टाला पेटली. पोत्यातली एक लाल टोपी घेऊन खिंडीत गेली आणि तिने ती बाहुलीला घातली. टोपी थेट पायांपर्यंत गेली, बाहुली आत गडप. पोरे पोट धरून हसली. बिजली खोकत खोकत म्हणाली, "ताई, तिला गोणीत भरली का?"

तशीच तणतणत प्रणाली हौसाआत्यांच्या दारात आली. हौसाआत्या तिच्या वडिलांच्या आत्या. तीस वर्षे बाहुलीची टोपी त्यांच्याच हातची असे. आता बोटे वाकडी झाली होती. त्या उंबऱ्यावर उन्हाला बसल्या होत्या. तुम्ही तरी पोरांना सांगा, एका लाकडाच्या तुकड्यापायी बिजली पुन्हा दवाखान्यात जाईल, असे प्रणालीने त्यांना ऐकवले.

आत्यांनी सगळे ऐकून घेतले. "माझं न्हाई ऐकायची ती," त्या म्हणाल्या. "मी तरी त्या वयात कुणाचं ऐकलं व्हतं? बस हितं. आधी बाहुलीलाच का, ते ऐकून घे."

खिंडीतून तेव्हा गाडीवाटसुद्धा गेलेली नव्हती, असे सांगतात. गावात सनगरांची दहा-बारा घरे. मेंढ्या राखायच्या, लोकर कातायची, घोंगडी विणायची. वर्षाच्या पहिल्या कातरणीची लोकर बिरोबाची. तिचे एक घोंगडे विणून देवाला पांघरायचे, त्यातला धागाही दुसरीकडे जाऊ द्यायचा नाही, असा कडक नेम होता. त्या वर्षी घोंगड्याचा मान ठकू नावाच्या बाईकडे आला. तिचा नवरा मेंढरे घेऊन खाली कोकणात उतरलेला. घरात म्हातारा सासरा आणि चार वर्षांची चिमी.

हिवाळा असा पडला, म्हणे, की रांजणातल्या पाण्यावर सकाळी साय धरावी तसे बर्फ धरायचे. खिंडीपलीकडच्या वाड्यांत लेकरे दगावू लागली. चिमीलाही ताप भरला. ठकूने घरात होते नव्हते ते तिच्या अंगावर घातले, पण पोर डोके झाकू देईना. बापाने जाताना तिला एक लाकडी बाहुली कोरून दिली होती. ती उराशी धरून पोर एकच म्हणायची, "आधी हिला." पदर टाकला तरी काढून फेकायची. रागावले, चुचकारले, पण पोर हलली नाही. दुष्काळाचे वर्ष, घरात लोकर होती ती देवाचीच. घोंगडे चार बोटे विणायचे राहिले होते आणि तेवढ्यालाच पुरेल असा एक गुंडा उरला होता.

सासऱ्याने बजावले, देवाच्या लोकरीला हात लावशील तर गाव आपल्याला वाळीत टाकेल. ठकूने दुपारपर्यंत कळ काढली. मग मागावरून उठली. मोडक्या छोट्या चाळणीचे लाकडी कडे घेतले, त्याच्या काठाला बाभळीच्या बारा खुंट्या ठोकल्या. खुंट्यांना लोकरीचे वेढे दिले. वर दुसरे वेढे देऊन, साळिंदराच्या काट्याने खालचा वेढा उचलायचा आणि खुंटीवरून आत सोडायचा. असे करत कड्याच्या पोटातून विणलेली नळी उतरत गेली. शेवटी सगळ्या वेढ्यांतून एक दोरा ओवून आवळला. टोपी झाली. ती बाहुलीच्या डोक्यावर बसली तशी चिमीने आपले डोके पुढे केले. उरल्या गुंड्याची, मोठ्या कड्यावरची दुसरी टोपी तिची. पोर झोपली आणि पहाटे घामाने निथळून ताप उतरला.

आता देवाचे काय? ठकू आखूड घोंगडे घेऊन स्वतः देवळात गेली. सगळा गाव जमलेला. ती कुणाशी बोलली नाही, देवालाच म्हणाली, "बिरोबा, तुझी चार बोटं माझ्या लेकीच्या डोक्यावर हायती. तुला गारठा लागला तर मला धर, तिला नगं."

घोंगडे पांघरले. देवाची पावले उघडी राहिली. दुसऱ्या दिवशी माळावर, देवळाच्या पायरीवर, नंदीच्या पाठीवरसुद्धा पांढरे दहिवर गोठले होते. पुजाऱ्याने भीत भीत देवाच्या उघड्या पावलांना हात लावला. दगड तव्यासारखा ऊबदार लागला, असे सांगतात.

तेव्हा देवाची म्हणून घरोघरी राखून ठेवलेली लोकर बाहेर निघाली आणि पोरांच्या टोप्या विणल्या गेल्या. पण पोरे ती पोरेच. आधी बाहुलीला घातली का, हे चिमीच्या दारात येऊन बघून गेल्यावरच त्यांनी आपापल्या घातल्या. त्या हिवाळ्यात गावातले एकही लेकरू गेले नाही. चिमीने बाहुली खिंडीत नेऊन बसवली, जिथून वारा गावात शिरतो तिथे. होळीला चिमी स्वतःच खिंड चढून गेली आणि सगळ्यांदेखत तिने टोपी काढून घेतली. बाहुलीला टोपी घालणारे पोर हिवाळा काढून स्वतःच्या पायांनी परत आले, हे गावाने डोळ्यांनी पाहिले.

"तवापास्नं नेम हाय," आत्या म्हणाल्या. "ज्याच्या हातची टोपी, त्यानंच घालायची. आन् त्यानंच होळीला काढायची. दोन सालांमागं एका सुनेनं विणली, घातली आन् सांगलीला निघून गेली. पावसात कुजली बघ टोपी. पोरांनी अजून तिला माफ केलं न्हाई. औंदा जाणत्या बाया समद्या मेंढरांमागं गेल्यात, त्या जेठाबिगर येत न्हाईत. तुझी बोटं चांगली हायत, पर तू शनिवारच्या गाडीनं निघालीस."

सोमवारी हैदराबादला नोकरीवर रुजू व्हायचे होते, हे खरेच होते. प्रणालीने भिंतीवर टांगलेले आत्यांचे तसलेच कडे काढून मांडीवर घेतले.

पहिले चार फेरे वायाच गेले. ती दर वेढा जीव खाऊन आवळत होती आणि काट्याने तो निघता निघेना. "लोकर हाय ती, दावं न्हवं," आत्या म्हणाल्या. "एवढं आवळून धरलंस तर सुटंल कसं? जरा सैल सोड की." प्रणालीने हात सैल सोडला आणि वेढा अलगद खुंटीवरून उतरला. दिवेलागणीला टोपी तयार झाली. एका बाजूला कलती, पण टोपीच. जायचे की राहायचे, हे आत्यांनी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिंडीत सगळी शाळा तिच्या आधी हजर होती. उघडी डोकी, तोंडातून वाफा. प्रणालीने टोपी बाहुलीच्या डोक्यावर ठेवली आणि कानांवर ओढली. नेमकी बसली. तरी एकाही दप्तराचा बंद सुटला नाही. सगळी बिजलीकडे बघत होती आणि बिजली प्रणालीकडे.

"काढायला कोण येणार?" बिजलीने विचारले.

प्रणालीने खाली गावाकडे पाहिले. बिरोबाच्या देवळाचे दार उघडे होते. आल्या दिवशी तिने कुतूहलाने तिथले देवाचे घोंगडे मोजले होते आणि विणकराची चूक म्हणून वहीत लिहून ठेवले होते. आजही ते चार बोटे आखूडच विणतात.

"मीच," ती म्हणाली. "होळीपर्यंत हितंच हाय मी."

बिजलीने तिला एकदा नीट निरखले. मग दप्तर उघडले, टोपी काढली आणि दोन्ही हातांनी कानांखाली ओढून घेतली. खिंडीत एकदम दप्तरांची खसफस सुरू झाली. प्रणाली तिथेच दगडावर टेकली आणि जिथे रेंज येते त्या कोपऱ्याकडे तोंड करून तिने हैदराबादचा नंबर लावला.