चार बोटे गवत

पूर्वी सोमावती नगरात महाभोज नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने जवळच्या गावी एका गुराख्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव गोदत्त. गावाच्या दोनशे गाई त्याच्या हवाली होत्या.

गायरानाचे त्याने काट्या, म्हणजे काटेरी फांद्या, लावून सात तुकडे केले होते. एका तुकड्यातले गवत चार बोटे उरले की तो गाईंना पुढच्या तुकड्यात हाकी आणि मागचा बंद करी. तेवढ्या सावलीत मुळे तग धरतात, जमीन भाजत नाही, गवत पुन्हा वर येते. उन्हाळ्यात ते हळू येते, म्हणून पुढचा तुकडाही तो सावकाश उघडी. यात न कळण्यासारखे काय आहे? पण लोकांना कळले नाही.

त्या वर्षी असा उन्हाळा पडला की सकाळीच दगडाला हात लावता येईना. गाईंच्या बरगड्या दिसू लागल्या. काट्यांपलीकडच्या गवताकडे पाहून त्या हंबरत, आणि गोदत्त काठीने त्यांना मागे हटवी.

उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या दिवशी सुमंगल श्रेष्ठी पुण्य करायला तिथे आला. नगरातला हा मोठा व्यापारी. त्याला रडू चटकन येई. विचार उशिरा येई, तोही आला तर.

"अरे राक्षसा, गाईच्या तोंडचा घास काढतोस?"

"श्रेष्ठी, ते गवत आजचं नाही. पुढच्या पंधरवड्याचं आहे."

"तोवर जगल्या तर ना!"

"अर्धपोटी जगतील. आज पोटभर चरल्या तर पुढं मरतील."

वसुला नावाची म्हातारी पुढे आली. तिची एकच गाय होती. "तुझी आई भुकेली असती तर तिलाही असंच ढोसलं असतंस का रे मुडद्या?"

"आजी, तुमची गाय जगावी म्हणूनच ढोसतोय."

यावर लोक हसले. सुमंगलाने सगळ्या काट्या उपटवून जाळल्या, गोदत्ताला हाकलून दिले. गाई गवतावर तुटून पडल्या. ते पाहून श्रेष्ठीचे डोळे भरून आले, आणि लोकांनी त्याच्या गळ्यात हार घातले. मूर्खाला हार घालायला लोकांना कधी फुले कमी पडत नाहीत.

गाईंनी कोवळे मारवेल गवत आधी मुळापर्यंत खाल्ले, बोचरी कुसळी तेवढी ठेवली. नखाएवढा कोंब वर आला तरी त्याच दिवशी तो खुडला जाई. खुरांनी मातीचा फुफाटा झाला. बाराव्या दिवशी एक गाय बसली ती उठलीच नाही. महिन्याभरात चाळीस मेल्या. गिधाडांना उडवेना इतकी ती खाऊन सुस्तावली.

मग हीच मंडळी उरलेल्या गाई हाकत गोदत्ताला शोधत निघाली. आपल्या घरच्या बारा गाई घेऊन तो एका दगडाळ उतारावर राहिला होता. तिथेही त्याने काट्या लावून पट्टे पाडले होते. पाऊस येईपर्यंत बारा गाईंना पुरेल एवढे गवत त्याने राखले होते.

बोधिसत्त्वाला राग आला नाही, असे कोणी सांगत असेल तर ते खोटे आहे. आला.

"आता कशाला आलात? जा, त्या हारांची वैरण करून घाला!"

वसुलेच्या गाईने काट्यांवर तोंड टेकले होते. हंबरायचेही बळ तिच्यात उरले नव्हते. गोदत्त तिच्याकडे पाहत राहिला. चूक माणसांची होती, मरत गाई होत्या. त्याने एका पट्ट्याच्या काट्या बाजूला ओढल्या.

"रोज एक पट्टा, तोही सकाळी थोडा वेळ. बाकी पोट झाडपाल्यावर. पाला तुम्ही तोडायचा. श्रेष्ठी, तुम्हीसुद्धा. पावसानंतर गवत हातभर होईपर्यंत गायरानात एक खूर पडता कामा नये. आणि मी काठी उगारली की कोणी रडायचं नाही."

त्याच्या बारा गाईही अर्धपोटी राहिल्या. त्यातल्या दोन गेल्या. गावाच्या आणखी अकरा गेल्या. बाकीच्यांनी पाऊस पाहिला.

पुढच्या एका जन्मी बोधिसत्त्व शास्ता, म्हणजे धर्मगुरू, झाला. त्याने ही कथा ज्या भिक्षूंना सांगितली ते रोज उत्पला नावाच्या एकाच विधवेच्या दारी पात्र घेऊन उभे राहत, कारण तिच्या तोंडून नाही निघत नसे. आदल्या दिवशी तिने पेरणीचे बियाणे शिजवून वाढले होते, आणि यांनी ते खाल्ले होते.

शास्ता म्हणाला, "तेव्हाचा सुमंगल म्हणजे, तिची श्रद्धा मोडू नका म्हणत सगळ्यांना त्या दारी नेणारा हा भिक्षू उदुंबर. गाई म्हणजे तुम्ही. गोदत्त मी होतो. त्या जन्मी मी प्रज्ञेची पारमिता, म्हणजे शहाणपणाची पूर्णता, पाळली. उद्यापासून पाऊस पडून पीक घरात येईपर्यंत त्या गल्लीत कोणी पाऊल टाकायचे नाही."

भिक्षूंनी माना खाली घातल्या. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या वाटेने गेले आणि अर्धपोटी परतले.