कर्बाच्या नळ्या आणि डिंकाचं पाणी

एकदा एका वयोवृद्ध शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्यांची एक शिष्या कर्बाच्या नळ्या धूत बसली होती. नळ्या कसल्या, केसाहून कितीतरी पटींनी सूक्ष्म. डोळ्यांना दिसे ती नुसती काळी पूड! या नळ्यांवर औषध चढवायचं आणि ते थेट कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोहोचवायचं, असा तिचा ध्यास होता. पण मागच्या खेपेला भलतंच झालं. प्रयोगाच्या उंदरांना टोचल्यावर रक्तात नळ्यांचे गोळे झाले आणि ते बिचारे दगावले. आता एकच खेप उरली होती. पुन्हा तसंच घडलं तर हे काम कायमचं बंद, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीने तिला स्पष्ट बजावलं होतं.

तिने मनाशी पक्कं धरलं, की नळ्यांत कुठेतरी मळ राहिला असणार. मग काय, धूतच सुटली! पूड भट्टीत तापवली, पुन्हा धुतली, धातूचा कणसुद्धा राहू दिला नाही. तरी पाण्यात टाकली की नळ्या एकमेकींना बिलगून तळाशी जाऊन बसत.

"सर, याहून शुद्ध आता काय करू?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "पाण्याशी यांचं जमतच नाही हो!"

घरच्या लाडवांसाठी घेतलेला डिंक गुरुजींच्या पिशवीत होता. त्यातला एक खडा त्यांनी कोमट पाण्यात विरघळवला आणि ते चिकट पाणी सरळ तिच्या कुपीत ओतलं.

"अहो सर! हे काय केलंत!" ती किंचाळलीच. एवढ्या मेहनतीवर डिंक? म्हातारपणी सरांना भ्रम झाला की काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

"ओरडतेस काय? यंत्रात घालून चांगली हलव, आणि मग बोल."

तिने धुसफुसतच कुपी हलवली. पाहते तो गोळे सुटलेले! कुपीत एकसारखं काळंभोर पाणी झालं होतं, आणि संध्याकाळपर्यंत तळाशी काहीही बसलं नाही.

"अगं, काजळीची शाई करताना लोक डिंक घालायचे, तो उगाच नव्हे," गुरुजी म्हणाले. "काजळी शुद्ध असली म्हणून पाणी तिला जवळ करत नाही. तू नळ्यांना निर्मळ करत गेलीस, पण ज्याच्या घरी जायचं त्याला रुचेल असं पांघरूण काही त्यांच्या अंगावर घातलं नाहीस. डिंक ही नुसती खूण हं. नाहीतर तोच रक्तात टोचशील! रक्ताला चालेल असं पांघरूण आता तू शोधायचंस."

तिने ते शोधलं, नळ्यांवर पक्कं बसवलं आणि शेवटच्या खेपेला उंदरांना त्या टोचल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती पिंजऱ्यांकडे धावली. आत उंदीर खुशाल हरभरे कुरतडत होते. एक तर दुसऱ्याच्या पाठीवर चढून बसला होता.

"सगळे आहेत, सर! सगळेच्या सगळे!" तिचा जीव भांड्यात पडला. हसता हसता तिला रडूच फुटलं.

गुरुजींनी डबा उघडून तिच्यापुढे धरला. "घे. डिंक जरा कमी पडलाय, पण तो कुठे गेला हे तुला ठाऊकच आहे."

तिने डोळे पुसले आणि लाडू घेतला.