खळीचे ठिपके

एका गावात एक तबले मढवणारा राहत होता. धोंडिराम त्याचं नाव. शाळा झाली होती ती मराठी वाचता येण्यापुरतीच. पण कान असा तयार, की तबल्यावर नुसती टिचकी मारली तरी कुठली चामड्याची वादी सैल पडली आहे ते तो सांगायचा. लेकीचं नावही त्याने रागावरून ठेवलं होतं, आसावरी.

आसावरी बारावीला होती. तिला शहरातल्या एका मोठ्या कॉलेजात शिकायचं होतं. तिथल्या प्रवेश परीक्षेत इंग्रजीचे असे जड जड शब्द विचारत, की त्या गावात ते कोणी जन्मात उच्चारले नसतील. शाळेतल्या सरांनी तिला एक वही करून दिली. डावीकडे पाचशे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्यांचे मराठी अर्थ. "एवढे आले की निम्मी परीक्षा पार पडली समज," सर म्हणाले.

बापलेकीने मिळून एक रीत ठरवली. संध्याकाळी धोंडिराम कामाला बसला, की आसावरी शेजारी बसून नवे दहा शब्द अर्थासकट मोठ्याने पाठ करायची. सकाळी वही बापाच्या हातात. तो मराठी अर्थ वाचायचा आणि ती डोळे मिटून इंग्रजी शब्द सांगायची. इंग्रजी बाजू धोंडिरामला वाचता येत नसे, म्हणून तो तिलाच विचारायचा, "बरोबर?" ती म्हणायची, "बरोबर." मग तो बोट बुडवून त्या शब्दापुढे ठिपका द्यायचा. त्याच्या पुढ्यात दोन वाट्या असत. एकीत तबल्याची काळी शाई, दुसरीत शाईच्या आधी पुडीवर, म्हणजे तबल्याच्या चामड्यावर, लावायची पांढरट खळ.

पहिले पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी धोंडिरामने वाचलं, "क्षणभंगुर." आसावरीला शब्द काही केल्या आठवेना. आदल्या संध्याकाळी तिने 'इफेमरल, इफेमरल' असं वीस वेळा घोकलं होतं, पण आता डोक्यात नुसता अंधार. नाही म्हणायची तिला लाज वाटली. तिने तोंडाला येईल तो शब्द ठोकून दिला, "मॅग्निफिसंट."

"बरोबर?"

"बरोबर."

ठिपका पडला. पहिल्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलं. पुढे तर सवयच झाली. शब्द अडला की दुसरा कुठलातरी दणकट शब्द फेकायचा आणि बरोबर म्हणून मोकळं व्हायचं. मागची पानं मात्र ती उलटेनाशी झाली. ती उघडायला तिला नको वाटे.

परीक्षेला महिना उरला होता. भजनी मंडळाचे काशिनाथबुवा आपला तबला न्यायला आले. "काय धोंडिराम, पोरीचा अभ्यास कुठवर आला?"

"तीनशे वीस शब्द झाल्यात," धोंडिराम म्हणाला. "ऐंशी अजून कच्चं हाईत. शंभर नवं ऱ्हायल्यात."

आतल्या खोलीत आसावरी चपापली. तिच्या हिशेबाने तर चारशे झाले होते. तिने सांगितलेला एकही शब्द बापाने चूक ठरवला नव्हता. ती गुपचूप वही घेऊन खिडकीशी गेली आणि कितीतरी दिवसांनी मागची पानं उलटली. काळे ठिपके ओळीने बसले होते. पण 'क्षणभंगुर'पुढे काळं काही नव्हतं. तिने बोट फिरवलं, तर बोटाला खडबडीत लागलं. वाळलेल्या खळीचा ठिपका होता तो. तिने एकेक पान तपासलं. जिथे जिथे ती खोटं बोलली होती, तिथे तिथे खळ होती. एकही जागा चुकली नव्हती.

बुवा गेल्यावर ती वही घेऊन बापासमोर येऊन बसली. "अण्णा, ऐंशी शब्द मी खोटे सांगितले."

"ठावं हाय मला."

"तुम्हाला इंग्रजी येत नाही. मग कळलं कसं?"

"सांजच्याला पाठ करताना शब्द एक वाजायचा, सकाळी दुसराच. एवढं कळंना, तर मी तबलं कसं लावायचं?"

"मग बोलला का नाही?"

धोंडिरामने हातोडी खाली ठेवली. "तू सांगशील म्हणून थांबलो हुतो."

आसावरीला रडू आवरेना. तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "पोरी, खळ म्हंजे काय डाग न्हाई. शाई हिच्यावरच बसती." एवढं बोलून त्याने शाईची वाटी तिच्याकडे सरकवली.

त्या महिन्यात आसावरीने अभ्यासाला वाहून घेतलं. नवे शंभर शब्दही झाले आणि खळीवर शाई चढत गेली. परीक्षेला जाताना मात्र अकरा ठिपके खळीचेच राहिले. त्यातलाच एक शब्द परीक्षेत आला. तिने ती जागा रिकामी सोडली. निवड झालेल्यांच्या यादीत तिचं नाव शेवटून तिसरं होतं, पण होतं.

दिवाळीच्या सुट्टीत ती शहरातून घरी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने वही काढून बापाच्या हातात दिली. "अण्णा, राहिलेले अकरा विचारा."

तो मांडी घालून बसला. तिने डोळे मिटले. दहा शब्द झाले, दहा काळे ठिपके पडले. मग त्याने अकरावा वाचला, "क्षणभंगुर."

आसावरीने विचार करून एक शब्द सांगितला.

"बरोबर?" धोंडिरामने नेहमीसारखं विचारलं.

"नाही अण्णा. हा चुकला. अजून बसत नाही तो."

धोंडिरामने खळीच्या वाटीत बोट बुडवलं. आधीच्या ठिपक्यावर त्याने आणखी एक ठिपका दिला, आणि त्या दिवशी दुकानात येईल त्याला तो ती वही उघडून तेवढा एकच ठिपका दाखवत राहिला.

तात्पर्य: जे येत नाही ते 'येत नाही' असं मोकळेपणाने सांगावं, तिथूनच शिकणं सुरू होतं, आणि आपलं माणूस त्याचीच वाट पाहत असतं.